व्यसनमुक्ती केंद्राचं लायसन्स नक्की कुणाचं असतं आणि ते तपासायचं कसं?

रानमोगरा

मामेभावाबद्दल विचारायचंय. वय चाळीशीच्या पुढे, कराडच्या बाजूला असतो, दारू हाताबाहेर गेली होती हे कुणीच नाकारत नाही. मामीने कुणाच्या तरी सांगण्यावरून एका केंद्राला फोन केला आणि त्याच रात्री गाडी दारात. चार पोरं उतरली, त्याला झोपेतून उठवलं, म्हणजे उठवलं कसलं, उचलूनच नेलं. बरोबर डॉक्टर नव्हता. तीन महिन्यांचं पॅकेज, अर्धे पैसे आधी आणि रोख. पहिला महिना फोन नाही, भेट नाही, का तर घरचा आवाज ऐकला की पेशंट ढिला पडतो म्हणे.

वहिनी बघायला गेली तर तिला ऑफिसातच बसवून चहा पाजून परत पाठवलं, पण तिने भिंतीवरच्या फ्रेमांचे फोटो काढून आणलेत. आयएसओ आहे, उद्यमचं सर्टिफिकेट आहे, ८०जी आहे, दर्पणचा नंबर आहे, कुठल्याशा आमदारांबरोबर फोटो आहे आणि बाहेर बोर्डवर मोठ्या अक्षरात 'शासनमान्य'. पावतीवर 'महा' ने सुरू होणारा एक नंबर आणि त्याखाली 'एफ' ने सुरू होणारा दुसरा.

तर यातलं लायसन्स कुठलं? आणि नसेल तर कुणाकडे जायचं? मामी म्हणते किती वर्षांनी रात्रीची झोप मिळतेय, तू आता त्यात खोडा घालू नकोस. तिचं चुकतंय असंही म्हणवत नाही.

गोदाकाठ

रानमोगरा, लायसन्सचं नंतर, आधी एकच विचारा, दाखल केल्यावर त्याला एमबीबीएस तरी डॉक्टरने बघितलंय का आणि गोळ्या चालू आहेत का. मी सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक होते म्हणून सांगते. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू एका रात्रीत बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम सुरू होऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस कुणाला ओळखत नाही, घामाघूम, नाडी धावतेय. याने माणसं दगावतात. योग्य गोळ्या आणि थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं दिली की हे बरंच टळतं. पण अशा केंद्रांत ज्याला हे होतंय तो 'नाटक करतोय' म्हणून मार खातो, हे मी डोळ्याने बघितलेल्या केसेसवरून सांगतेय, कारण शेवटी ते आमच्याकडेच यायचे.

तुमचा भाऊ जाऊन आठवडा झाला असेल तर तो धोक्याचा काळ बहुतेक गेला. तरी विचारा. उत्तर कसं देतात त्यावरूनही बरंच कळतं.

एकशेआठ

आमदारांबरोबरचा फोटो हेच आपल्याकडे खरं लायसन्स.

वकीलबुवा

फ्रेमांचं एकेक करून सांगतो. 'महा' नंबर म्हणजे सोसायटी रजिस्ट्रेशन, १८६० च्या कायद्याखाली. 'एफ' नंबर म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडची सार्वजनिक न्यासाची नोंदणी. या दोन्हींनी एवढंच सिद्ध होतं की संस्था नावाची काहीतरी वस्तू अस्तित्वात आहे. भजनी मंडळालाही हेच दोन नंबर मिळतात. ८०जी देणगीदाराच्या इन्कम टॅक्ससाठी, उद्यम म्हणजे लघुउद्योग, दर्पण म्हणजे नीती आयोगाच्या पोर्टलवर नाव घातलंय. यातल्या कशानेही कुणालाही एक रात्रसुद्धा कुलपात ठेवायचा अधिकार मिळत नाही.

जे हवं ते वेगळंच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, अंमलात आला २०१८ साली. त्याचं कलम ६५, नोंदणीशिवाय मानसिक आरोग्य आस्थापना चालवता येणार नाही. आता केंद्रवाले म्हणतात आम्ही मनोरुग्णालय नाही, आम्ही व्यसनमुक्ती, आम्ही समाजकल्याणच्या अंडर येतो. पण याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्ट लिहिल्यात, आणि आस्थापनेच्या व्याख्येत उपचारच नाही तर पुनर्वसनासाठी माणसं ठेवली जातात ती जागाही येते. वगळलंय फक्त घर, जिथे माणूस नातेवाईक किंवा मित्रांबरोबर राहतो. त्यामुळे 'आम्ही फक्त समुपदेशन करतो' ही पळवाट माझ्या मते टिकत नाही. समुपदेशनासाठी गेटला कुलूप लागत नाही.

ही नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची. सर्टिफिकेट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावायचं असतं, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता, फोनसुद्धा. वहिनींच्या फोटोत ते दिसतंय का?

रानमोगरा

झूम करून बघितलं. नाही. प्राधिकरण असा शब्दच कुठे नाही.

सोबर_सांगलीकर

मी आतला माणूस आहे, म्हणजे होतो. दोन्ही प्रकारची केंद्रं बघितलीत. पहिल्यात गेल्या गेल्या डोकं भादरलं, अंगावरचे कपडे काढून घेऊन केंद्राची हाफ पॅन्ट दिली, मोबाईल पाकीट जमा. ऐंशी जणांचा स्वयंपाक आम्हीच करायचो, लसूण सोलायची ड्युटी म्हणजे बोटं जळायची, वरून त्याला 'वर्क थेरपी' म्हणायचे. कौन्सेलर म्हणजे माझ्याआधी दाखल झालेला आणि घरी परत न गेलेला माणूस. त्याचं स्वतःचं अजून धड नव्हतं तो मला काय सांगणार. रविवारी कुणाचे घरचे येणार असले की त्याला शनिवारी दाढी करून स्वच्छ शर्ट आणि काय बोलायचं याची रिहर्सल. बाहेर आलो आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या प्यायलो, रागाने. घरच्यांवर सूड म्हणून.

दुसरं केंद्र वेगळं होतं. तिथे आत जाताना सही माझी घेतली, डॉक्टरने आधी तपासलं, सहा-सात दिवस गोळ्या, मग ग्रुप, शेअरिंग, बायकोला वेगळी मीटिंग. शिस्त कडकच होती, पाचला उठवायचे, पण कुणी हात लावला नाही. तिथून निघाल्यावर एए च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंग धरल्या त्या आजतागायत. म्हणून केंद्रं वाईट असं सरसकट म्हणू नका, मला केंद्रानेच वाचवलंय.

वकीलबुवा

सांगलीकर, तुम्ही लिहिलंत त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कायद्यात नाव घेऊन आहे. कलम २०, सक्तीने डोकं भादरायचं नाही, स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यायचे, काम सक्तीचं नाही आणि केलं तर मोबदला. कलम २६, भेटी आणि फोन. कलम ९५, साखळदंड कुठल्याही प्रकारे नाही. कलम ९७, एकांतकोठडी नाही, आणि बांधून ठेवायचंच झालं तर तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. कायदा करणाऱ्यांनी अशी केंद्रं आतून बघितलेली होती असं वाटावं इतकं बारीक लिहिलंय.

मधमाशी

इतकं बारीक लिहून दंड किती ठेवलाय तेही सांगा ना. मी वाचलाय, विनानोंदणी पहिल्यांदा सापडलं तर पाच हजार ते पन्नास हजार. दुसऱ्यांदा दोन लाखांपर्यंत, त्यापुढे पाच लाखांपर्यंत. पाच हजार! एका पेशंटच्या महिन्याच्या फीपेक्षा कमी असेल काही ठिकाणी. दंड भरून रात्री परत गाडी काढतील.

सेवक_पश्चिममहाराष्ट्र

बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. मी असं छोटं केंद्र चालवतो, पंधरा बेड. स्वतः सोबर आहे, त्यातूनच सुरू केलं. आमच्याकडे मारहाण नाही, भेट पंधरा दिवसांनी देतो. नोंदणी आहे, म्हणजे प्रोव्हिजनल आहे, मुदत संपली, नूतनीकरणाला टाकलंय, कागद पुढे सरकेना.

आता तुम्ही शहरात बसून कलमं सांगताय. आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही. जिल्ह्याच्या गावाहून एक डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, त्यांची फी वेगळी, गाडी वेगळी. फायर एनओसी आणा, नगरपालिकेचं आणा, बायोमेडिकल कचऱ्याचं आणा, प्रत्येक टेबलावर काय द्यावं लागतं ते इथे लिहीत नाही. मोठ्या ट्रस्टला जमतं, आम्हाला नाही. आणि रात्री दोनला बायकोच्या डोक्यात पाटा घालायला निघालेल्या माणसाला कुणी आणायचं? पोलिसांना फोन करा, ते म्हणतात घरगुती आहे, सकाळी या. सिव्हिलला न्या, तर पेशंट चालत यायला तयार पाहिजे. ती बाई आम्हाला फोन करते. आम्ही जातो. उद्या सगळी बिननोंदणीची केंद्रं बंद करा, ही माणसं कुठे ठेवणार ते पण धाग्यात लिहा.

गोदाकाठ

सेवक, तुमचं दुखणं खरं आहे आणि ते मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने बघितलंय. २०१९ मधे केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने देशभर केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल आला होता, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकाला कसलीतरी मदत मिळते असं निघालं. उरलेले सदतीस तुमच्या नाहीतर कुठल्यातरी बाबाच्या दारात.

पण दोन गोष्टींवर मी ऐकणार नाही. एक, रात्री उचलून आणणं. कलम ८९ मधे स्वतःच्या इच्छेविरुद्ध दाखल करायची सोय आहे, लोकांना वाटतं कायद्याने हात बांधलेत, तसं नाहीये. नामनिर्देशित प्रतिनिधीने (पेशंटच्या वतीने बोलणाऱ्या माणसाने) अर्ज करायचा, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत तपासलेलं पाहिजे, जिवाला धोका वगैरे निकष बसले पाहिजेत. मग तीस दिवसांपर्यंत ठेवता येतं. आणि मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. तीस दिवसांच्या पुढे परत तपासणी आणि मंडळाची परवानगी. तीन महिन्यांचं पॅकेज पहिल्याच दिवशी विकणं या कायद्यात बसतच नाही, कारण तीन महिने लागतील हे पहिल्या रात्री कुणाला कळलं?

दुसरी गोष्ट आग. फायर एनओसीला तुम्ही टेबलावरचा खर्च म्हणताय. ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडूत एरवाडी. दर्ग्याजवळचं खाजगी आश्रयस्थान, पहाटे शेडला आग लागली, आतले साखळीने बांधलेले. २८ माणसं जळाली. तेव्हाही १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा होता, त्यातही लायसन्स सांगितलेलं होतंच, आणि जवळपास अशी कितीतरी ठिकाणं लोकांच्या डोळ्यांदेखत चालू होती. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली ती त्यानंतर. तुमच्या पंधरा बेडच्या हॉलला रात्री बाहेरून कुलूप असतं का?

सेवक_पश्चिममहाराष्ट्र

असतं. चावी वॉर्डनच्या गळ्यात असते, तो आतच झोपतो.

वकीलबुवा

सेवकांनी प्रोव्हिजनलचा विषय काढला ते बरं झालं, कारण खरी गोम तिथेच आहे आणि रानमोगरांनाही उपयोगी पडेल. कायद्यानुसार अर्ज आणि फी भरली की प्राधिकरणाने दहा दिवसांत तात्पुरती नोंदणी द्यायची, आणि देण्याआधी चौकशी करायची गरज नाही असं कलम ६६ मधेच लिहिलंय. म्हणजे कुणीही जागा न बघता कागद मिळतो. बारा महिने चालतो. हेतू चांगला होता, सुरुवातीला सगळ्यांना रजिस्टरवर आणायचं, किमान निकष ठरले की मग कायम नोंदणीला तपासायचं. कायम नोंदणीच्या वेळी तर संस्थेने दिलेले पुरावे तीस दिवस लोकांसमोर ठेवून हरकती मागवायच्या अशी तरतूद आहे, किती छान आहे बघा. पण कितीतरी जण तात्पुरत्यावरच वर्षानुवर्षं काढतात आणि फ्रेम करून लावताना तारखेवर बरोबर नक्षीची पट्टी येते.

म्हणून फ्रेम दिसली तरी तीन गोष्टी वाचा. कुणी दिलंय, तात्पुरतं का कायम, आणि कधीपर्यंत. पत्ता पण बघा, एका जागेच्या सर्टिफिकेटवर दुसऱ्या गावात शाखा काढलेली असते.

आपल्याकडे अजून एक घोळ म्हणजे केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही, इथे १९४९ चा नर्सिंग होम कायदा आहे, तो महापालिका नाहीतर सिव्हिल सर्जन बघतात. अनुदान सामाजिक न्याय विभाग बघतं, मानसिक आरोग्याची नोंदणी आरोग्य खात्याकडची, न्यास धर्मादायकडे. चार दारं, आणि प्रत्येक दारावर सांगतात शेजारी विचारा. मुंबई हायकोर्टात डॉ. हरीश शेट्टींची जनहित याचिका झाली, त्यातही मुद्दा हाच होता की कायद्यातली प्राधिकरणं आणि मंडळं प्रत्यक्षात काम करतायत का.

फिनिक्सकर

इथे अमेरिकेत लायसन्स सगळं चोख असतं असं वाटत असेल तर आमच्या ॲरिझोनाचं ऐका. २०२३ च्या मे मधे गव्हर्नर हॉब्ज यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की सरकारी विम्यातून कोट्यवधी डॉलरची खोटी बिलं काढली गेलीत, आणि शंभराहून जास्त संस्थांची पेमेंट एकदम थांबवली. व्हॅनमधे बसवून नावाहो आणि इतर आदिवासी वस्त्यांतून माणसं आणायची, फिनिक्समधल्या घरात ठेवायची, उपचार शून्य, प्यायला पण द्यायची म्हणे म्हणजे माणूस टिकून राहतो, आणि बिल मात्र रोजच्या थेरपीचं. यातल्या बऱ्याच जणांकडे आरोग्य खात्याचं लायसन्स होतं. पेमेंट थांबल्यावर घरं बंद झाली आणि ही माणसं घरापासून लांब रस्त्यावर आली. त्यामुळे सेवकसाहेबांचा 'बंद केल्यावर कुठे ठेवणार' हा प्रश्न इथेही तसाच आला होता.

मधमाशी

फरक एवढाच की तिथे सरकार पैसे देत होतं म्हणून कुणीतरी एक दिवस बिलं मोजली. इथे सगळं रोख. बऱ्याच हेल्थ पॉलिसीत दारू-ड्रग्जच्या उपचाराचं एक्स्क्लूजन असतं, म्हणजे विमा कंपनीचा माणूससुद्धा फाइल बघायला येणार नाही. मामीने रोख दिले, पावतीवर 'देणगी' लिहिलं असेल बघा.

रानमोगरा

हो!! 'ऐच्छिक देणगी' लिहिलंय.

एकशेआठ

ऐच्छिक. भावाला नेलं तसंच.

सोबर_सांगलीकर

चांगलं केंद्र कसं ओळखायचं यावर कुणीच लिहीत नाहीये. मुक्तांगणचं उदाहरण घ्या, पुण्यात १९८६ ला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु.लं.नी पैसे दिले होते. ते पहिल्यापासून येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, म्हणजे डॉक्टरांच्या पदराखाली सुरू झालं, गुरांच्या गोठ्यासारख्या भाड्याच्या शेडमधे नाही. सगळ्यांना तिथे जाता येत नाही, वेटिंग असतं, मान्य. पण माझा आपला सोपा नियम, फोनवर 'पेशंट तयार आहे का' असं विचारतात ते बरे, 'पत्ता पाठवा, गाडी येते' म्हणतात त्यांच्यापासून लांब. आणि डिस्चार्ज नंतर काय, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं पाहिजे. फॉलोअप नसलेलं केंद्र म्हणजे नुसतं लॉजिंग.

आणि एक, दारू सुटावी म्हणून भाजीत गुपचूप मिसळायची गोळी देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठायचं. ती गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर त्याचा जीव जाऊ शकतो.

वकीलबुवा

रानमोगरा, आता तुमचं. उद्या वहिनींच्या सहीने एका पानाचं पत्र द्या, पोच घ्या, घेत नसतील तर ईमेल आणि स्पीड पोस्ट. पत्रात भांडायचं नाही. प्राधिकरणाच्या नोंदणीचा नंबर आणि मुदत, जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, भावाला कुठल्या कलमाखाली दाखल केलंय, तपासणीचे दोन अहवाल, आणि कलम २६ प्रमाणे भेट. एवढंच. प्रत राज्य प्राधिकरण, पुनरावलोकन मंडळ आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना. मंडळात जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती असते, कलेक्टरांचा प्रतिनिधी असतो, त्यामुळे ते नाव पत्रात खाली दिसलं की वाचणाऱ्याची बसण्याची पद्धत बदलते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो.

भेट नाकारली तर पोलीस स्टेशन. भारतीय न्याय संहितेचं कलम १२७, बेकायदा डांबून ठेवणं. तेही ऐकत नसतील तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर आणायची याचिका, पण तितकं लांब जावं लागेल असं वाटत नाही.

गोदाकाठ

आणि त्याला बाहेर काढायच्या आधी पुढची सोय करून ठेवा, नाहीतर मामीवर तेच परत येणार. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, मानसोपचारतज्ज्ञाची ओपीडी कुठल्या वारी आहे ते विचारा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. व्यसनासाठी वेगळा १४४४६. मामीलाही १४४१६ लावून द्या, तिचीही कुणीतरी विचारपूस केली पाहिजे.

रानमोगरा

अपडेट. पत्र दिलं. घेतलं नाही, मग ईमेल केली. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातून स्वतःहून फोन, 'ताई एवढं पत्राबित्राचं काय काढलंत, भेटून जा'. वहिनी आणि मी गेलो. नोंदणीचं विचारलं तर कपाटातून एक कागद काढला, प्रोव्हिजनल, मुदत केव्हाच संपलेली, आणि वकीलबुवा म्हणाले तसंच, पत्ता दुसऱ्या गावचा. डॉक्टरांचं नाव सांगितलं, त्यांना फोन केला तर ते म्हणाले मी पूर्वी जायचो, आता जात नाही.

भाऊ बरा दिसला, वाळलाय, पाठीवर वळ आहेत. पहिल्या दिवसांत काय झालं ते त्याला आठवत नाही म्हणतो. आम्ही त्याला घेऊनच निघालो, अडवलं नाही, उरलेले पैसे मागू नका एवढंच म्हणाले. सिव्हिलला दाखवलं, ॲडमिट करून घेतलंय, यावेळी सही त्याची स्वतःची. मामी माझ्याशी बोलत नाहीये.

तक्रार करायचीय, पण आत अजून तीस-चाळीस जण आहेत आणि त्यांच्या घरच्यांना हे नकोय. दोघांना फोन केला, एकाने शिव्या घातल्या.

सेवक_पश्चिममहाराष्ट्र

तक्रार करा. पाठीवर वळ असतील तर करायलाच पाहिजे, अशा लोकांमुळे आमचं नाव जातं. फक्त तक्रारीत 'बंद करा' एवढंच लिहू नका, आतल्या पेशंटना आधी सिव्हिल सर्जनच्या टीमने तपासावं, कुणाला कुठे हलवणार ते ठरवावं, मग सील करावं असं लिहा. नाहीतर सील लागेल त्या रात्री गाडी तीच माणसं घेऊन दुसऱ्या तालुक्यात जाईल.

कुलपाचं मी बदलतोय. आतून उघडणारी कडी बसवायला सुताराला सांगितलंय.

वकीलबुवा

सेवकांनी सुचवलेलं वाक्य जसंच्या तसं घाला. प्राधिकरणाला तपासणीचे आणि चौकशीचे अधिकार कलम ६८ मधे आहेत, त्याचा उल्लेख करा. सिव्हिलच्या केसपेपरवर पाठीवरच्या वळांची नोंद झालीय का ते आजच बघा, एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) झाली नसेल तर करून घ्या, चार दिवसांनी वळ दिसणार नाहीत. आणि त्या जुन्या डॉक्टरांकडून 'मी आता तिथे जात नाही' हे व्हॉट्सॲपवर का होईना लेखी मागून घ्या.

रानमोगरा

एमएलसी झालीय. डॉक्टरांना मेसेज टाकलाय, दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही अजून.